स्क्रीनवरची मगर

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. जेवण करून सांगतो, उद्या सांगतो असं म्हणलं की मी सांगणारच न्हाई, मला माझा अनुभव आहे. गाडी स्टँडला लावलीय, एसटी थांब्याच्या ओट्यावर बसलोय अन् टाइप करून राहिलोय. चुका झाल्या तर समजून घ्या, परत वाचत बसणार न्हाई. वाचलं की खोडतो मी.

हे पूर्ण आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, हिंगोलीच्या रूमवरच्या पोरायला न्हाई. ज्याला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्याला तर न्हाईच न्हाई.

तुमच्यापैकी बरेच जण मला मगरवाला म्हणून ओळखता. बॅकवॉटरमधी मगर शोधणारं पोरगं. तो व्हिडिओ तुमी बघितला असंल, कोणाला तरी पाठवला पण असंल. तोच मी. त्या मगरीबद्दलच सांगायचंय. पण आधी थोडं मागून येतो, एकदम न्हाई बोलता येत—

आमचं गाव शिरड शहापूरकडून आत, धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाला. आमच्याकडं जवळपास प्रत्येकाची मोटर पाण्याच्या कडेला. काळा पाइप पाण्यात गेलेला अन् त्याच्या शेवटाला जाळीचा एक डबा, त्यातून पाणी ओढलं जातं. त्याला आमी फुटबॉल म्हणतो. का म्हणतो ते इचारू नका, सगळेच म्हणतात. त्या जाळीला शेवाळ, गवत, पन्नी असं काही गुतलं की मोटर नुसती हवा ओढती. मंग कोणीतरी छातीएवढ्या पाण्यात उतरायचं, बुडी मारायची, हातानं ते काढायचं. दात घासावेत तसं काम आहे हे आमच्याकडं. त्यात कोणाला भीती वाटती असं मी लहानपणी ऐकलंच न्हाई कधी.

ही भीती गावात मी आणली.

मी हिंगोलीला बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स केलं. सेकंड इयरला मला सोनारचं येड लागलं, दागिनेवाला सोनार न्हाई, पाण्याखालचं आवाजावरून ओळखायचं यंत्र. समुद्रात खाली अंधार, डोळ्याला काहीच दिसत न्हाई, अन् ही माणसं जहाजात कानाला हेडफोन लावून नुसत्या आवाजावरून सांगतात की ही पाणबुडी, हा खडक, हा माशांचा थवा. मला झोप यायची न्हाई असं काही वाचलं की. खालून जो धोका येऊन राहिलाय तो ऐकून ओळखायचा— याच्यापेक्षा भारी काम कोणतं असंल? मी नेव्हीच्या भरतीला पण जाऊन आलो होतो, उंचीत गेलो. मंग काय करणार. पार्टटाइम काम करून एक चेंडू घेतला. मासे पकडणारे लोक वापरतात तो. मोसंबीएवढा, गळाच्या दोरीला बांधून पाण्यात फेकायचा. तो पाण्यावर तरंगतो, खाली आवाज सोडतो, तो आवाज तळाला लागून परत येतो, अन् किती वेळानं आला त्यावरून मोबाइलवर खोली दिसती. विहिरीत तोंड घालून ओरडलोय ना आपण सगळे? तसंच, फक्त हे मोजून ओरडतं. मधी काही असलं, मासा, झाड, खडक, तर त्याचा पण आवाज परत येतो अन् स्क्रीनवर खूण उमटती.

गावात सगळे हसायचे. कुंडलिकमामा, म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्याचे, सख्खे मामा न्हाईत पण सगळं गावच मामा म्हणतं त्यायला, ते एकदा पारावर सगळ्यांसमोर म्हणले, "मासे मोजून काय करतो रे, लग्नाच्या पत्रिका द्यायच्यात का त्यायला?" आई म्हणायची एवढ्या पैशात शेळी आली असती. एकट्या प्रकाशदादाला त्यात इंट्रेस होता.

प्रकाशदादा म्हणजे आमच्या बांधाला बांध. त्याचा फुटबॉल अन् आमचा फुटबॉल पाण्यात शेजारी शेजारी. मला पोहायला त्यानंच शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला अन् उचलून दिलं फेकून. मी रडत बाहेर आलो की परत फेकायचा, अन् स्वतः माझ्या खाली पोहत राहायचा, हात वर करून. त्याचा हात पोटाला लागला की मला कळायचं दादा आहे खाली. हे काहून सांगून राहिलोय मी? सोडा.

तो माझ्या शेजारी काठावर बसायचा अन् इचारायचा— हे जाड काय, हे पुसट काय, ही कमान कशाची. मी सांगायचो, कडक तळ असला तर रेघ जाड येती, गाळ असला तर पुसट. अन् कमान अशी, की चेंडू स्थिर आहे अन् खालून मासा पोहत गेला तर तो आधी लांब, मंग जवळ, मंग परत लांब, म्हणून स्क्रीनवर कमान उमटती. पण आपण चेंडूच ओढून राहिलो असलो अन् खाली लाकूड जरी पडलेलं असलं, तरी कमानच येती. कारण हलला कोण हे स्क्रीनला कळत न्हाई. म्हणून काही सापडलं की चेंडू थांबवायचा अन् बघायचं. रेघ सरळ आली तर खालची वस्तू पडून आहे. रेघ तुटली, वाकली, तर जित्ती आहे.

हे मला पाठ होतं. हे मी त्याला शिकवलं होतं. ध्यानात ठेवा.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट, मागच्या वर्षीची. पलीकडच्या काठाला कोणाची तरी शेळी गायब झाली होती अन् कोणीतरी म्हणलं होतं मगरीनं नेली. नुसतं म्हणलं होतं. दुपारची वेळ. लेकरं पाण्यात डुंबून राहिली होती. दादा छातीएवढ्या पाण्यात, फुटबॉल साफ करून राहिला होता. मी काठावरून चेंडू फेकला अन् दोरी ओढत ओढत आणून राहिलो होतो, दुसऱ्या हातात मोबाइल, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू, मी त्यावर बोलून राहिलो होतो नेहमीसारखा. अन् कमान आली. एवढी मोठी, एवढी जाड कमान मी आयुष्यात बघितली न्हवती. तळापासून वर उचललेली. दादाच्या बाजूला.

मी ओरडलो. मगर, मगर, बाहेर या सगळे. खरं सांगतो, त्या घडीला मी खोटं बोललो न्हाई. मला खरंच वाटलं.  लेकरं किंचाळत बाहेर पळाली, दादा पाणी फोडत आला, काठावरच्या दगडावर त्याचा अंगठा फुटला. पाच मिनिटात निम्मा गाव काठावर. सगळे माझ्या मोबाइलमधी डोकं घालून. कुंडलिकमामा पण. सगळ्यात पुढं तेच. अन् दादानं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणला, आज यानं लेकरं वाचवली.

कोणी इचारलं केवढी आहे. मी म्हणलो आठ-दहा फुटाची.

आता हे ऐका. त्या स्क्रीनवर लांबी दिसतच न्हाई. खोली दिसती, आवाज किती जोरात परत आला ते दिसतं. लांबी दिसत न्हाई. मी आकडा तोंडातून सोडला. कोणीतरी आदरानं इचारलं अन् माझ्याकडं उत्तर न्हवतं म्हणून. हे पहिलं खोटं. अन् तो व्हिडिओ मी तिथंच उभ्या उभ्या टाकला, आठ-दहा फूट असं वर लिहून.

मंग लोकं आपापली लेकरं ओढत घरी गेली. मी थांबलो. म्हणलं आणखी एक व्हिडिओ करू. चेंडू परत तिथंच टाकला. अन् या वेळी ओढला न्हाई. थांबवला.

रेघ सरळ आली.

मी थांबलो. रेघ सरळ. पाण्यात दगड मारला, मोठा. तळावरून जीव असलेलं काही पण हललं असतं. रेघ सरळ. चेंडू ओढला, कमान आली. थांबवला, सरळ. ओढला, कमान. थांबवला, सरळ. काठावर कोणीच न्हवतं. एकटा मी अन् ती रेघ. खाली काहीतरी पडलेलं होतं. नुसतं पडलेलं.

आवाज परत येणं हे निम्मं काम आहे. कशावरून परत आला हे ओळखणं म्हणजे खरं सोनार, त्याच्यासाठीच ती माणसं वर्षं घालवतात. मी दहा मिनिटात ओळखलं. बराबर ओळखलं. अन् मोबाइल खिशात घालून घरी गेलो.

काहून? तुमी इचाराल. मी पण इचारतो. फोन वाजून राहिला होता म्हणून. शाळेतल्या सरांचा मेसेज आला होता म्हणून. हिंगोलीच्या पोरायनं व्हिडिओ पुढं पाठवला होता, ज्या पोरीशी बोलायची माझी हिंमत न्हवती तिनं पण बघितला होता. अन् मी काय लिहू— सॉरी, ते लाकूड आहे? अंगठा फुटलेला दादा लंगडत घरी गेला होता, त्याला जाऊन सांगू, की तुला शिकवलेलं मीच इसरलो? एक दिवस थांबू म्हणलं. मंग त्या एका दिवसाचे किती झाले ते मी मोजलंच न्हाई.

अन् गंमत बघा. मगर लोकायला दिसायला लागली. कुंडलिकमामाला दोनदा दिसली, एकदा तर उन्हात पडलेली. आईनं पाण्यावर डोळे बघितले. माझी स्वतःची आई मला जेवायला वाढता वाढता सांगून राहिली होती, दोन डोळे होते रे, असे वर— अन् मी मान हलवून राहिलो होतो. भाकरी खाऊन राहिलो होतो. ग्रामपंचायतीनं पाण्यात उतरू नये असा बोर्ड लावला. बाया कपडे घेऊन हापश्यावर जायला लागल्या, तिथं भांडणं व्हायला लागली. दर दोन-चार दिवसाला कोणीतरी मला बोलवायचं, बाबा बघ जरा इकडं आहे का. मी जायचो. चेंडू टाकायचो, तोंड गंभीर करायचो, अन् म्हणायचो, आज इकडं न्हाई, वरच्या अंगाला सरकली. लोकं चहा पाजायची. मला इंजिनिअर म्हणायला लागली. मी काठावरून चालत गेलो की म्हातारी माणसं इचारायची, उतरू का रे?

मी, ज्याला पाण्यात काही न्हाई हे माहीत होतं, मी त्यायला म्हणायचो, आज नको.

मंग फेब्रुवारीत प्रकाशदादाचा हात गेला. शॉक लागला. उजवा हात, कोपराच्या खालून काढला, नांदेडला.

न्हाई. असं न्हाई. मी मधलं गाळलं. बघा, आत्ता पण गाळलं.

दादाची हळद उभी होती, शेवटचं पाणी पाहिजे होतं, अन् फुटबॉल सारखा तुंबायचा. उतरायची सोय न्हाई. त्यानं लांब बांबूला विळा बांधून काठावरून शेवाळ ओढून बघितलं, जमलं न्हाई. त्याची तनू, पोरगी, सहावीत, ती म्हणाली मी जाते पटकन, तर त्यानं तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला. आमी आमच्या मोटरीपाशी बसलो. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की पाण्यात करंट सोडला की मगर जवळ येत न्हाई. त्यानं मला इचारलं. माझ्याकडंच आला तो, वायरमनकडं गेला न्हाई, कारण पाण्याखालचं मला कळतं असं त्याला वाटायचं.

"तू शिकलेला आहेस. करंट सोडला तं पळंल का?"

काय सांगायला पाहिजे होतं? एकच वाक्य होतं. दादा, मगर न्हाई. तीन शब्द. माझ्या तोंडात आले होते, मला अजून त्यायची चव आठवती. अन् मी म्हणलो, पळंल.

हे बाहेर न्हाई पडलेलं आजपर्यंत. व्हिडिओ चुकीचा होता हे एखादा समजून पण घेईल. पण त्यानं इचारलं अन् मी म्हणलो पळंल. अन् एवढ्यावर थांबलो न्हाई. त्याच्याकडं जुनी वायर होती. टोक किती उघडं ठेवायचं म्हणला. मी हातभर म्हणलो. त्याच्याकडं पक्कड न्हवती, माझ्या खिशात होती. वायर मी सोलली. त्याच्यासमोर बसून, सफाईदार, तांबं चकाकंपर्यंत. तो म्हणला, शिकलेल्या माणसाचा हात येगळाच असतो.

मी त्याला एवढंच सांगितलं की लाइट असताना पाण्याजवळ जाऊ नको. हे सांगितलं म्हणून मी किती दिवस स्वतःला निर्दोष समजलो, काय सांगू. पण शेतीची लाइट कधी येती, कधी जाती, कोणाला माहीत आहे? जाती अन् परत येती. वायर मोटरीच्या स्टार्टरच्या अलीकडून घेतली होती, म्हणजे लाइट आली की लगेच जित्ती. मला माहीत होतं ते. इलेक्ट्रॉनिक्स केलंय मी.

दुपारी लाइट गेली. फुटबॉल तुंबलेला. दादा कडेला वाकला. शेवाळात वायर गुतली होती, ती बाजूला करायला त्यानं हातात धरली. अन् लाइट आली.

मी घरी हळद शिजवून राहिलो होतो. वाफ, धूर, सगळीकडं हळदीचा वास. वैनीचा आवाज आला. वैनी म्हणजे दादाची बायको. तो आवाज माणसाचा आहे हे मला आधी कळलंच न्हाई. मी पळत गेलो तवर वैनीनं बांबूनं वायर उडवली होती. दादा चिखलात. हात— मी न्हाई लिहीत. सगळे दादाकडं बघून राहिले होते. मी काय केलं माहीत आहे? मी वायरीचं टोक शोधलं अन् चिखलात पायानं दाबलं. का दाबलं? कोणाला दिसणार होतं त्यात की ते कोणी सोललं? तरी दाबलं.

दवाखान्यात भेटायला गेलो तर दादा मलाच धीर देऊन राहिला होता. हात गेला त्याचं काही न्हाई म्हणे, तू सांगितलं नसतं तं माही तनूच गेली असती एखाद्या दिवशी. नर्सला त्यानं माझी ओळख करून दिली. हाच तो पोरगा, ज्यानं मगर शोधली. नर्सनं व्हिडिओ बघितला होता.

मे महिन्यात पाणी खाली गेलं. बराबर त्या जागी, जिथं रेघ सरळ यायची, काळ्या पाइपाचा तुकडा उघडा पडला. कोणाचा तरी जुना फुटबॉलचा पाइप, मधे दगड बांधलेला, एक टोक वर उचललेलं. मी त्याच्यापाशी किती वेळ उभा होतो. कुंडलिकमामा आले, बघितला, म्हणले चांगला आहे की, अन् खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. आता तो त्यांच्या गोठ्याच्या पन्हाळीला लावलेला आहे. त्यांनी मला हात पण लावायला सांगितला वर चढवताना. लावला मी हात.

तेव्हा काहून न्हाई बोललो? कारण तेव्हा हात गेलेला होता. आधी बोलायचं तर मान जायचा, अन् नंतर बोलायचं तर— त्याला काय म्हणतात, जे नंतर जातं? मला शब्द सापडत न्हाई.

आता यंदा पाऊस झाला, पाणी परत वर आलंय. अन् आज सकाळी मी काठानं चालून राहिलो होतो अन् कुंडलिकमामाच्या स्टार्टरमधून एक वायर निघालेली दिसली. नवीकोरी, लाल. बांबूला बांधून पाण्यात सोडलेली. टोक हातभर सोललेलं. हातभर. गावात माप झालंय ते.

 मामा तिथंच होते. मी म्हणलो मामा, काढा ही. ते म्हणले सून खाली कपडे धुवायला जाती, मगर आली तं? मंग मी सांगितलं. सगळं न्हाई, पण सांगितलं. मगर न्हवतीच, मामा, तो पाइप होता, तुमच्या गोठ्यावर आहे तोच. त्यायनं माझ्याकडं बघितलं अन् हसले. दात दिसेपर्यंत हसले.

"तुह्या चेंडूत न्हाई म्हणजे न्हाई का? म्या ह्या डोळ्यानं बघितली, दोनदा."

मी किती सांगितलं. ते म्हणले तू भेला आहेस, प्रकाशचं झालं तेव्हापासून भेला आहेस, लेकरू आहेस अजून. पाठीवर थाप मारली अन् घरी गेले. मी त्यांच्या स्टार्टरचा फ्यूज काढला, ती वायर तोडली, गुंडाळून डिकीत घातली. आत्ता पण गाडीच्या डिकीत आहे. पण वायर काय, बाजारात मिळती. उद्या परत आणतील.

मंग म्हणलं, एकच माणूस आहे ज्याचं गाव ऐकंल. ज्याचा हात गेला त्यानं म्हणलं मगर न्हवती, तर कोणाची हिंमत आहे न्हाई म्हणायची? मी सरळ दादाच्या घरी गेलो. दादा ओसरीवर बसला होता. वैनीनं चहा आणला. दादा आता डाव्या हातानं बशी धरतो, थोडा सांडतो, अन् सांडला की तोच हसतो. मी खाली बघून बोललो. वर बघितलंच न्हाई. रेघेचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, पाइपाचं सांगितलं. मगर न्हवती दादा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वायरीपर्यंत आलो. अन् तिथं वर बघितलं.

तो रागावला असता तर मी बोललो असतो पुढं. देवाशप्पथ बोललो असतो. तो रागावला न्हाई. तो हिशोब जुळत नसल्यासारखा माझ्याकडं बघून राहिला होता, लेकरू बघतं तसं. अन् हळूच म्हणला,

"मंग माहा हात काहून गेला?"

काय सांगू मी त्याला? एवढे दिवस त्या माणसाकडं उत्तर होतं. हात गेला पण तनू वाचली. रात्री दुखत असंल तेव्हा ते उत्तर तो छातीशी धरत असंल. अन् मी ते घेऊन चाललो होतो. बदल्यात काय देणार होतो? एक पाइप? एक व्हिडिओ?

मी म्हणलो, "असंल, दादा. मगर असंल पण. मला बराबर दिसलं नसंल."

त्याचा चेहरा सैल झाला. खरंच सैल झाला, मी बघितलं. म्हणला, तेच म्हणलं मी, कुंडलिकमामा काय खोटं बोलतेत व्हय. अन् वैनीला माझ्यासाठी अजून अर्धा कप चहा ओतायला लावला.

मी उठलो. गाडीपाशी आलो तर वैनी मागून आली. चौकटीच्या आत उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं. ती काही मोठ्यानं बोलणारी बाई न्हाई. गाडीच्या हँडलवर हात ठेवला अन् इचारलं, "न्हवती ना?"

मी गाडीला किक मारली.

तिनं हात काढून घेतला. मी आलो निघून. इथं आलो. अन् आता बसलोय.

तर मी हे माझ्या त्याच पेजवर टाकून राहिलोय, नाव खाली आहे, फोटो पण माझाच आहे. जुना व्हिडिओ काढून टाकलेला न्हाई, दोन्ही बघा. तनूच्या मोबाइलवर जाईल हे, ती घरात वाचून दाखवंल, वैनी ऐकंल, दादा ऐकंल. तो काय करील मला माहीत न्हाई. मला मारलं तर मारू द्या. काही न्हाई केलं तर ते पण मला सोसावं लागंल. मी कोणाची माफी मागून राहिलो न्हाई, माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, अन् दादाकडून मी आधीच खूप घेतलंय.

गावातल्या लोकायनो, पाण्यात मगर न्हाई. कधीच न्हवती. करंट सोडू नका. सोडलेल्या वायरी आजच काढा, लाइट बंद करून, फ्यूज खिशात घालून काढा.

वैनी, न्हवती.

दादा, मगर न्हवती. तुझा हात तनूसाठी गेला न्हाई. मी पळंल म्हणलो अन् वायर मी सोलली, म्हणून गेला.

बाकीचे जे वाचून राहिले, ज्यायला मी ओळखत न्हाई, तुमाला एक इचारतो. मला धीर द्यायला लिहू नका. फक्त खरं सांगा. तोंडातून बाहेर आलेलं खरं, समोरच्या माणसाचा चेहरा बघून, तुमी कधी परत गिळलंय का? तुमच्यासोबत झालंय का असं?